दामलेकाकांची तक्रारवही

फोन उघडून पुन्हा बंद केला की वाटीत एखादा स्क्रू उरतो. फोन व्यवस्थित चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि तो स्क्रू कुठला ते काही कळत नाही. टाकवत नाही म्हणून तो डबीत जातो. नऊ वर्षांत आमच्याकडे अशा तीन डब्या भरल्यात. किस्सेही तसेच साठतात. कामात उपयोगी पडत नाहीत, पण टाकवतही नाहीत. त्यातले थोडे आज बाहेर काढतो. तोंडी सांगायला मला जमत नाही, लिहून त्यातल्या त्यात बरं जमतं.

आमचं दुकान बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. फोन, इअरफोन, गेमचे कन्सोल, असं सगळं दुरुस्त करतो. दुकान दामलेकाकांचं. ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि आता फोन असा त्यांचा प्रवास. मागच्या टेबलावर आम्ही दोघं : मेश्रामभाऊ आणि मी. काउंटरवर फक्त काका.

काकांचा एक नियम आहे. वस्तू उघडण्याआधी गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे, काय झालंय आणि कधीपासून. उत्तर मिळेल ते जसंच्या तसं तक्रारवहीत लिहायचं. आपल्या शब्दांत नाही, त्याच्या शब्दांत.

"माणूस खोटं बोलला तरी नीट लिहून घ्यायचं," काका म्हणतात. "बिघाड त्याच्या आसपासच कुठेतरी असतो."

*

एकदा एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. फोन आपोआप बंद पडला म्हणाले.

"पाण्यात पडला होता?" काकांनी विचारलं.

"छे हो. पाण्याच्या आसपाससुद्धा मी फोन नेत नाही."

काकांनी लिहिलं : आपोआप बंद पडला. पाण्याच्या आसपास नेत नाही.

मी मागे बसून फोन उघडला. आत ओल होती, बोर्डावर हिरवट डाग होते आणि एक ओळखीचा वास येत होता. गृहस्थांसमोर बोलायचं कसं, म्हणून मी फोन तसाच पुढे नेला आणि काकांच्या नाकाखाली धरला.

काकांनी वास घेतला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हे पाणी नाहीच. पुदिना आहे."

गृहस्थ काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "फोन घरी न्यायला मिसेस येतील. त्यांना यातलं काही सांगू नका. मला पाणीपुरी बंद आहे."

*

पुढचा किस्सा ऐकायला गमतीचा आहे, पण आमची काळजी तिथूनच सुरू झाली.

एक तरुण पोरगा इअरबड्स दुरुस्त करून घेऊन गेला आणि तीन दिवसांनी मुद्दाम कौतुक करायला परत आला. "काका, काय रिपेअर केलंय! नवीन होते तेव्हा असा आवाज नव्हता. बॅटरीपण डबल चालते."

काका खूश झाले. तो गेला, आणि दहा मिनिटांनी एक मॅडम आल्या. त्यांचीही तशीच पांढरी डबी. "अहो, दुरुस्तीला दिले तेव्हा एकच बाजू गेली होती. आता दोन्हीत खरखर येते. असं कसं?"

काकांनी डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मग खिडकीकडे धरली. डबीच्या खाली आम्ही नंबरची बारीक चिठ्ठी चिकटवतो. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे दिली. मीही वाचली. डबी त्या पोराची होती. काकांनी अदलाबदल केली होती.

आम्ही पोराला फोन करून परत बोलावलं. तो यायलाच तयार होईना. "काका, माझं काम मस्त झालंय, राहू द्या ना," असं म्हणत होता.

हे सगळं निस्तरल्यावर मेश्रामभाऊंनी काकांना सरळ विचारलं, "काका, दिसून नाही राहिलं का तुम्हाले?"

मग कळलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच ऑपरेशन सांगितलं होतं, आणि आता डाव्या डोळ्यावरही ताण यायला लागला होता. ऑपरेशनला वेळ लागत नाही, पण नंतर पंधरा दिवस धूळ, वाकणं, बारीक काम, सगळं बंद.

"मग करून का नाही घेत?" मी विचारलं.

काकांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पंधरा दिवस काउंटरवर कोण बसणार?"

आम्ही दोघंही खाली बघायला लागलो.

"म्हणून," काका म्हणाले.

दुकान पंधरा दिवस बंद ठेवायला ते तयार नव्हते. शेजारचा मोबाइल कव्हरवाला म्हणत होता, "मी बघतो की तुमचा काउंटर." काका त्याला म्हणाले, "तू बघितलंस की काय होईल ते मला एका डोळ्यानंही दिसतंय."

*

दोघांपैकी कोण बसणार, याचा निकाल शर्यतीनं लागला.

मेश्रामभाऊ चंद्रपूरकडचे. राहतात खडकीत. त्यांनी नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती आणि तिच्याइतकं चांगलं वाहन पुण्यात नाही असं त्यांचं ठाम मत. मी मेट्रोच्या बाजूनं. काकांना दोन्ही पसंत नाहीत. "मेट्रो चांगली आहे," ते म्हणतात, "पण खालून वर येईपर्यंत माणूस चालत घरी पोचतो."

ठरलं असं की दोघांनी सकाळी खडकी स्टेशनपासून एकाच वेळी निघायचं. दुकानात जो नंतर पोचेल तो हरला, आणि तो दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर. मी त्यासाठी येरवड्याहून बसनं खडकीला गेलो. एरवी मी शर्यती लावत नाही. पण हरलो तर अनोळखी माणसांशी बोलावं लागणार होतं, म्हणून सरकत्या जिन्यावरही पळत चढलो आणि कसब्याच्या स्टेशनातून घामाघूम होऊन गल्लीत शिरलो.

तेवढ्यात मेश्रामभाऊ समोरून स्कूटरवर आले. दुकानासमोर थांबून त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. "जिंकलो बे आक्या!"

"जिंकलास," काका आतून म्हणाले. "आता गाडी लाव आणि ये."

गल्लीत सम-विषम तारखेप्रमाणे एकेका बाजूलाच गाड्या लावता येतात, आणि त्या दिवशी सम तारीख होती. सम तारखेच्या बाजूला हातगाडी जाईल एवढीही जागा नव्हती. विषमच्या बाजूला लावली की उचलून नेतात. मेश्रामभाऊ पुढे गेले. थोड्या वेळानं पुन्हा दुकानासमोरून गेले. मग तिसऱ्यांदा. दर वेळी हात करत होते, पण हात खाली खाली येत चालला होता.

माझा चहा झाला. कुरियरवाला येऊन गेला. शेजारच्यानं विचारलं, "काय काका, कोण जिंकलं?"

काका म्हणाले, "मेश्राम जिंकलाय. पण तो अजून आलेला नाही."

*

तर दुसऱ्या दिवशी मेश्रामभाऊ काउंटरवर बसले. ते माणूस म्हणून सोनं आहेत. फक्त त्यांना प्रत्येक बाबतीत मत आहे, आणि ते लगेच देतात.

पहिलंच गिऱ्हाईक कॉलेजचा मुलगा. म्हणाला, "गेम खेळताना फोन तापतो."

आता इथे फक्त लिहायचं होतं : गेम खेळताना फोन तापतो. पण मेश्रामभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"किती वेळ खेळते?"

"चार-पाच तास."

"मग तापन नाही तर का करन? आमच्या चंद्रपुरात माणूस बसल्या जागी तापते. तो जाते का कुठं रिपेअरले?"

मुलगा हसला. मेश्रामभाऊंना वाटलं, जमलं. त्यानंतर एक वयस्कर बाई आल्या. भारदस्त आवाज, हातात छत्री. फोन सारखा अडकतो म्हणाल्या. मेश्रामभाऊंनी फोन बघितला. आत अकरा हजार फोटो होते, त्यातले बहुतेक शुभ सकाळचे.

"अबे, एवढी सकाळ ठेवून का करते?" ते बोलून गेले.

त्यांच्याकडे असं प्रेमानं बोलतात. पण त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला, छत्री उचलली आणि काकांकडे वळल्या.

"दामले, मी तुमच्याकडे टेपरेकॉर्डर असल्यापासून येते. मला 'अबे' म्हणणारा हा पहिलाच."

काका उभे राहिले. दोन्ही हात जोडले. दुपारी मेश्रामभाऊ आपणहून मागच्या टेबलावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "जा भाऊ. आता तूच रायला."

*

मी काउंटरवर बसलो त्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी बसलोच नाही. काकांच्या खुर्चीत बसायला संकोच वाटला, म्हणून बाहेरच्या बाजूला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. काका बँकेत गेले होते आणि मेश्रामभाऊ पोटमाळ्यावर सामान शोधत होते.

एक उतारवयाचे गृहस्थ आले. शेजारच्या स्टुलावर बसले. दोन प्रश्न विचारायचे होते. मी मनात तयारी करत होतो तोवर त्यांनीच सुरुवात केली.

"फार वेळ झाला का?"

मी मान हलवली.

मग ते अर्धा तास बोलले. पूर्वीचे फोन हातातून पडले तर फरशी फुटायची. आताचे फोन पातळ आहेत, कारण कंपन्यांना माणसाच्या खिशात दोन मावायला हवेत. चार्जर वेगळा विकणं म्हणजे चप्पल घेतल्यावर पट्टा वेगळा विकण्यासारखं आहे. मला बरीच मतं पटली. मी प्रत्येक वेळी मान हलवली. मग घड्याळ बघून ते उठले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि काकांवर चिडले. "काल अर्धा तास बसून गेलो. दुकानात कुणी नव्हतं! आणि हा बिचारा," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा तर माझ्याही आधीपासून ताटकळला होता. आजही बसलाय. याचं तरी काम करा आधी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "हो. याचं काम करायला हवं खरं."

त्या संध्याकाळी ते दवाखान्यात फोन करून ऑपरेशन पुढे ढकलत होते, ते मी ऐकलं. ती दुसरी वेळ होती.

*

मग काका स्वतःच बसायला लागले. एका डोळ्यानं का होईना, त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही.

सदाशिव पेठेतले एक आजोबा आले. त्यांच्या मुलानं स्कूटरवर फोन लावायचा स्टँड बसवून दिला होता आणि नकाशा लावून दिला होता. फोन एकदम ठणठणीत होता. तक्रार नकाशातल्या बाईबद्दल होती.

"ती मला डावीकडे वळा म्हणते. मी साठ वर्षं या गावात राहतोय. डावीकडे कशाला वळू?"

"मग कुठे वळता?"

"सरळ जातो. की ती पुन्हा सांगते, पुढून वळून मागे या. मी तिला नको म्हणतो. ती ऐकत नाही."

काकांनी गंभीरपणे लिहायला घेतलं. "बाई ऐकत नाही. कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि तुम्ही तिचं ऐकता का?"

"मी का ऐकू?"

"मग फिटंफाट झाली की," काका म्हणाले. "आवाज बंद करून देतो. तिलाही जरा विश्रांती."

आजोबा समाधानानं गेले. आम्ही मागे हसत होतो. नंतर मी वही आवरायला घेतली तेव्हा हसू थांबलं. आजोबांची तक्रार काकांनी आधीच्या तक्रारीवरच लिहिली होती. दोन्ही ओळी एकमेकींत गुंतल्या होत्या, एकही वाचता येत नव्हती. काकांना ते दिसलंच नव्हतं.

मी ते पान कुणाला दाखवलं नाही. आठवेल तसं दोन्ही तक्रारी खाली नीट लिहून काढल्या.

*

त्यानंतर आठवड्याभरानं मेश्रामभाऊ भाचीच्या लग्नाला गावी गेले. काकांना कुरियरच्या ऑफिसात जायचं होतं. जाताना म्हणाले, "अर्ध्या तासात येतो. कुणी आलं तर नुसतं बसवून ठेव. आणि खुर्चीत बस. स्टुलावर नको."

मी खुर्चीत बसलो. पाच मिनिटांत एक ताई आल्या. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला गेमचा कन्सोल काढून काउंटरवर ठेवला.

मी वही उघडली. पेन हातात घेतलं. आणि पहिला प्रश्न विचारला. "काय झालंय?"

"काही नाही. चांगला चालतोय. तो बंद पाडायचाय."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"मुलगा बारावीला आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षा होईपर्यंत बंद पाडा. पण असा, की त्याला वाटलं पाहिजे आपोआप बिघडला. नंतर परत चालू करून द्या."

नियमाप्रमाणे मी लिहिलं : चालू आहे. मग पुढे काय लिहावं ते सुचेना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षांपासून चालूच आहे. त्याचाच तर त्रास आहे."

"ताई, आम्ही दुरुस्त करतो. बिघडवत नाही."

"दुरुस्त करता येतं तर बिघडवायला काय जड आहे? दादा, राग मानू नका, तुम्ही किती शिकलात?"

"नववी."

"बघा. गेमपायीच ना?"

"आमच्या घरी टीव्ही नव्हता."

त्या टॉवेलाची घडी घालायला लागल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मग का सोडली?"

"सर उभं करून धडा वाचायला लावायचे. सगळ्यांसमोर मला बोलता यायचं नाही. मग एक दिवस गेलोच नाही."

"आता तर बोलताय."

मी कन्सोल तपासायच्या टीव्हीला जोडला. चालू आहे म्हणतात तर तेवढं तरी बघावं. गेम सुरू झाला.

"जेवायला हाक मारली की 'थांब' म्हणतो," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं बंद करून जेवायला यायला काय होतं?"

"हा ऑनलाइन आहे ताई. मध्ये थांबवता येत नाही. समोर दुसरी माणसं खेळत असतात."

"खरी माणसं?"

"हो." मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "हे बटण पळायचं, हे उडी मारायचं."

त्यांनी तो चपाती लाटायच्या लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. त्यांचा माणूस भिंतीला जाऊन धडकला आणि तिथेच पळत राहिला.

"मी हरले तर?"

"मग त्याचा नंबर खाली जातो. तुमच्या मुलाचा. त्याच्या नावावर खेळतोय ना आपण."

"म्हणजे माझ्यामुळे त्याचा नंबर खाली जाणार?"

त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि पदर खोचला.

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाइकं यायला लागली. एकाचा फोन चार्ज होत नव्हता. मी विचारलं, कधीपासून, आणि लिहून घेतलं. ताई ओरडल्या, "दादा, मागून कुणीतरी येतंय!" मी म्हणालो, "उजवीकडे वळा आणि पळा." दुसऱ्याच्या फोनचा स्पीकर गेला होता, जाळीत पांढरं पीठ बसलं होतं. त्याला म्हणालो, पिठाच्या गिरणीत काम करता का? तो म्हणाला, कसं ओळखलंत? तेही लिहिलं. तिसरा नुसता गेम बघायला थांबला होता. तो ताईंना सल्ले देत होता. त्याला म्हणालो, अहो, एका वेळी एकानंच सांगा, त्या गोंधळतात.

ताईंचा फोन वाजला. त्यांनी तो खांद्यानं कानाशी धरला.

"अहो, आत्ता नाही. नंतर करा. मध्ये सोडता येत नाही." आणि तो पर्समध्ये टाकून दिला.

रांगेत अजून कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं मला जाणवलं. गेममध्ये आता पाचच जण उरले होते आणि ताई त्यांत होत्या. माझी नजर टीव्हीवर होती आणि पेन वहीवर तयार होतं. मान वर न करताच मी म्हणालो, "बोला, काय बिघडलंय?"

"डोळा," काका म्हणाले. "उजवा. पंधरा दिवस लागतील म्हणतात. चालेल?"